बॉन्ड

ग्रिम्सबीत डॉक्टर टिकत नाहीत.
येतात, मासळीच्या वासाला नाक मुरडतात,
वर्षभरात लीड्सला नाहीतर लंडनला पसार.
मी टिकले. अकरा वर्षं.
माझ्या यादीत अडीच हजार माणसं,
आणि गोदीकडून येणारा वारा, तो वेगळा.

सकाळी नऊ-दहाला डोरीन कॉपर्थवेट.
वय एकाहत्तर. चाळीस वर्षं हॅडॉक चिरले,
बर्फानं बोटं वाकलेली, पहिल्याच पेरापासून.
विचारलं, कशा आहात?
म्हणाली, "मस्टन्ट ग्रम्बल."
म्हणजे, कुरकुर करू नये माणसानं.
मी टाइप केलं: तक्रार नाही.

दारात जोडी उभी होती.
जोडी स्टॅनिफोर्थ, आमच्याकडची रक्त काढणारी पोर,
डोरीनच्याच गल्लीतली, भुवईत रिंग,
बाप बोटीवर होता; बोटी गेल्या, बाप घरात राहिला.
हळूच म्हणाली, डॉक्टर, थांबवा तिला.
ती असं म्हणते म्हणजे रात्रभर झोप नाही.
माझी आजी असंच म्हणाली होती. मंगळवारी.
गुरुवारी आम्ही फुलं निवडत होतो.

थांबवलं. जोडीनं आधी कुत्र्याचा विषय काढला,
मग बिंगोचा, मग सहज: जिना चढतेस का गं?
"खाली सोफ्यावरच झोपते हल्ली.
आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं."
बुडाल्यासारखं.
गोदीवरची बाई हा शब्द उगाच वापरत नाही.
पायावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला,
ओल्या वाळूत राहतो तसा.

मिरजेला शिकताना हे सगळं तोंडपाठ होतं.
खाटेवरची बाई म्हणायची, कालवतंय, ठणकतंय,
कोंडल्यासारखं होतंय, अंगात कसर आहे,
आणि आम्ही केसपेपरवर एकच शब्द लिहायचो: पेन.
उरलेलं कळायचं ते आयाबाईंना, शेवंताबाईंना.
त्यांना राउंडला कुणी पुढे बोलावलं नाही.
मीही नाही.

मग बॉन्ड आला. एक वर्ष, जत तालुका,
अर्धं गाव कन्नड बोलणारं, टँकर आठवड्यातून दोनदा.
मी म्हटलं, मला कन्नड येत नाही,
पेशंटचं काय ऐकणार मी, कप्पाळ?
बाबांनी पीएफ मोडला. दंड भरला.
पावती अजून आहे,
इथल्या ड्रॉवरमध्ये, पासपोर्टच्या खाली.

आता मी बिनबॉन्डची इथे बसते.
फॅक्टरीतून सुटून दाइवा येते, लिथुआनियाची,
कमरेला हात लावून "इथे" एवढंच म्हणते.
फोनवरचा दुभाषा म्हणतो, जरा थांबा, लाइन बिझी.
दहा मिनिटं संपतात,
आम्ही दोघी अजून "इथे"च.

डोरीनच्या पायातलं पाणी ओसरलं.
तिनं केक पाठवला. जोडीला.
मला नुसता नमस्कार.

मार्चमध्ये जोडीनं फॉर्म आणला, हलच्या मेडिकलचा.
मुलाखतीत माझ्या बोलण्याला हसतील का?
हसू देत, म्हटलं, असंच बोल.
शिफारसपत्रात तीन ओळी लिहिल्या, खोडल्या,
मग लिहिलं: ही मुलगी आधी कुत्र्याबद्दल विचारते.
हेही खोडणार होते. राहू दिलं.

जाता जाता तिनं विचारलं,
शिकून झालं की इथेच यावं लागतं का? बॉन्डबिंड काही?
नाही गं. तसलं काही नसतं.
"बरंय. मला आधी स्पेन बघायचंय."
हसले. सही केली.
जतच्या त्या खुर्चीत कोण बसलं असेल,
बसलं असेल का कुणी,
हे मी तेवढ्यात विचारात घेतलं आणि तेवढ्यात सोडलं,
नेहमीसारखं.

पुढचा पेशंट. टोपी हातात, श्वास दारातच राहिलेला.
कसे आहात?
"नॉट सो बॅड, लव्ह."

कीबोर्डवरचे हात मी काढून घेतले.